‘सॅटेलाइटने चुकवलं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

‘सॅटेलाइटने आम्हाला चुकवलं’ ही तक्रार ऐकून ऐकून कंटाळा आलाय. सोलापुरात भाड्याने गाड्या देण्याच्या धंद्यात ती रोजचीच. अहो, २०,००० किलोमीटर उंचीवरच्या त्या जीपीएस उपग्रहाला तुमचा अक्कलकोट रोड ठाऊकही नाही! तो फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा पाठवत राहतो. निदान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की तुम्ही कुठे आहात हे फोन स्वतः काढतो, आणि मोकळ्या आभाळाखाली त्यात साधारण ५ मीटरचा फरक पडतो. रस्ता, वळण, गावाचं नाव हे सगळं नकाशातलं. ठिपका बरोबर आणि नकाशा किंवा नकाशा बघणारा चूक, असंच बहुतेक वेळा असतं.

गावाचं नुसतं नाव टाकणे

या चुकीवर माझा विशेष राग आहे. लग्नसराईत एका नव्या ड्रायव्हरला स्टेशनवरून पाहुणे घेऊन कासेगावला पाठवलं. लग्न होतं दक्षिण सोलापूरच्या कासेगावात, उळ्याजवळ, तुळजापूर रोडला. पठ्ठ्याने ‘कासेगाव’ टाकलं, जे पहिलं नाव आलं ते दाबलं आणि गाडी काढली. मागे बसलेल्या मावशींनी दोनदा विचारलं, “तुळजापूर रोडला ना रे?” हा म्हणे, “मावशी, मॅप दाखवतोय की!” मोहोळ गेलं, पंढरपूर आलं, तेव्हा त्याचा मला फोन, “मालक, मंडप कुठंच दिसंना.” तो निघाला होता पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावला. इकडे अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती उठल्या, आणि शिव्या मला. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातही एक कासेगाव आहे; तिकडे नेलं नाही हे माझं नशीब.

माझी सवय सांगतो. नाव टाकलं की रस्ता बघायच्या आधी किलोमीटर बघायचे. जवळचं म्हणून सांगितलेलं गाव ८० किलोमीटर दाखवत असेल तर तिथेच थांबायचं. तालुका विचारून घ्यायचा. यजमानांकडून लोकेशन मागवायचं, तेही मंडपात उभं राहून पाठवलेलं. घरी सोफ्यावर बसून ‘करंट लोकेशन’ पाठवणारे काका प्रत्येक लग्नात एक तरी असतातच.

दहा मिनिटं वाचवायला हायवे सोडणे

मॅप अंतर मोजतो आणि त्या रस्त्यावरून गेलेल्या फोनांवरून वेग ठरवतो. आडरस्त्याला फोन जातात किती? मग तो अंदाजच बांधतो. डांबर कुठे संपतं, पुढे काळी माती आहे का, हे त्याला कळेलच असं नाही. आमच्याकडची काळी माती पावसात चाक कसं धरते ते ज्याने एकदा ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढून काढली त्यालाच कळतं, आणि ट्रॅक्टरवाला त्या दिवशी मागेल तो भाव. ऊसतोडीच्या दिवसांत त्याच अरुंद रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ओव्हरटेकला जागा नाही. तुमची दहा मिनिटं तिथेच जातात.

नदीचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्गच बंद ठेवावा लागला होता. महामार्गाची ही गत, तर गावाकडच्या बुटक्या पुलांचं काय? पावसाळ्यात सीना किंवा भीमा ओलांडायची असेल तर मी अलीकडच्या गावातल्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवतो. चहा होतो, आणि पुलावर पाणी आहे की नाही तेही कळतं. घाई असलेल्या पाहुण्यांना हे आवडत नाही. न आवडू दे.

बाकीच्या, थोडक्यात

मोटारसायकलचा मोड चालू ठेवून कार काढणारे बाळीवेशीच्या बोळात अडकतात आणि मग रिव्हर्स घेताना अख्खी गल्ली गोळा होते.

उभ्या गाडीत बाण उलटा दिसला म्हणून गाडी वळवू नका. थोडं पुढे गेल्याशिवाय फोनला दिशा नीट कळत नाही.

सर्व्हिस रोड आणि हायवे शेजारी शेजारी, पूल तर डोक्यावर. ५ मीटरच्या फरकात फोन गोंधळणारच. पाटी वाचा.

गाडीतला जुना नकाशा अपडेट करा. २०२३ आधीच्या नकाशात ‘धाराशिव’ सापडणार नाही, ‘उस्मानाबाद’ टाकावं लागेल. काहींत अजून हैदराबाद रस्त्याला ९ नंबरच आहे. पाट्यांवर तो कधीचा ६५ झाला.

मे महिन्यात फोन काचेखाली डॅशबोर्डवर ठेवू नका. तापला की स्क्रीन मंद, चार्जिंग बंद. एसीच्या जाळीवर लावा.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला मॅप बंद करून चौकातल्या पोलिसाचा हात बघा.

आणि रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं असं नसतं. ठिपका चालतच असतो, मागचा नकाशा तेवढा कोरा होतो. म्हणून जिल्ह्याचा आणि शेजारच्या विजयपूर-कलबुर्गीचा नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. गाडी निघाल्यावर “मालक, हॉटस्पॉट द्या की” म्हणणाऱ्याला मी देत नाही.