१९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो: मॉडेल घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर कसं जपायचं

जुन्या अमेरिकन गाड्यांचं मॉडेल, म्हणजे कपाटात मांडायची छोटी प्रतिकृती, घ्यायचं म्हटलं की बहुतेकांची नजर ५९ च्या कॅडिलॅकवरच जाते, आणि का नाही जाणार, मागचे ते माशाच्या परांसारखे उंच फिन्स आणि त्यात बसवलेले बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार लाल दिवे, प्रत्येक बाजूला दोन दोन, असं काही परत कुणी बनवलंच नाही. खुद्द कॅडिलॅकनेच पुढच्या वर्षी फिन्स खाली आणले. पण हेच रूप मॉडेलमध्ये उतरवायला फार अवघड आहे, म्हणून कंपनीचं नाव विचारण्याआधी खऱ्या गाडीचे फोटो नीट बघून घ्या, बाजूने, मागून, पुढून, सगळीकडून.

आधी साइज ठरवा. खरी गाडी २२५ इंच लांब, म्हणजे जवळजवळ ५ मीटर ७२ सेंटिमीटर. त्यामुळे १:१८ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाचं, मॉडेल साधारण ३२ सेंटिमीटर होतं, १:२४ चं २४ च्या आसपास, १:४३ चं १३ आणि १:६४ चं ९ सेंटिमीटर. कपाटाची फळी आधी मोजा, कारण १:१८ ची कॅडिलॅक त्याच स्केलच्या बाकीच्या गाड्यांपेक्षा बरीच लांब भरते आणि मग ती तिरकी ठेवावी लागते, ते अजिबात चांगलं दिसत नाही. हाच हिशोब फोटो बघून मॉडेल घेताना पण कामाला येतो, विकणाऱ्याला लांबी विचारायची, १:१८ म्हणून २८ सेंटिमीटरची गाडी सांगत असेल तर स्केल चुकलंय किंवा शेप दाबलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ही नक्की एल्डोराडोच आहे का. त्या वर्षी एल्डोराडो तीन प्रकारात होती: बियारिट्झ म्हणजे छत उघडणारी कन्व्हर्टिबल, सेव्हिल म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची हार्डटॉप, आणि ब्रॉम म्हणजे चार दारांची, जिची बॉडी इटलीत पिनिनफरिनाकडे बनायची आणि त्या वर्षी फक्त ९९ गाड्या झाल्या. बियारिट्झ पण १,३२० च होत्या. याउलट कॅडिलॅकच्याच साध्या सिरीज ६२ च्या कन्व्हर्टिबल ११,००० च्या वर बनल्या, आणि लांबून दोन्ही सारख्याच वाटतात. फरक क्रोमच्या पट्टीत आहे. बियारिट्झ आणि सेव्हिलला दारांच्या खाली एक रुंद पट्टी असते, ती मागे जाऊन फेंडरवरून वर वळते आणि वरच्या कडेने परत पुढे काचेपर्यंत येते. शिवाय हेडलाइटच्या मागे फेंडरवर एल्डोराडो हे नाव सुट्या अक्षरांत असतं. कन्व्हर्टिबलच्या बाजूला मधोमध एकच सरळ बारीक पट्टी असेल तर ती सिरीज ६२, डब्यावर काहीही छापलेलं असू दे. ६२ पण सुंदर गाडी आहे, वाद नाही, फक्त एल्डोराडोचे पैसे देऊन ती घेऊ नका.

मग ग्रिल, म्हणजे पुढची जाळी. खऱ्या गाडीच्या ग्रिलमध्ये छोट्या छोट्या टोकदार खुंट्यांच्या रांगा आहेत आणि मागे बंपरच्या वर तशाच नक्षीची खोटी ग्रिल पण आहे. चांगल्या मॉडेलमध्ये प्रत्येक खुंटी वेगळी दिसते, खोबणीत काळा रंग भरलेला असतो. स्वस्त मॉडेलमध्ये सगळ्याचा एक चकाकता पत्रा होऊन जातो. मागचे दिवे पारदर्शक लाल प्लास्टिकचे हवेत, वरून रंग लावलेले नकोत, आणि हेडलाइटच्या काचेत मधोमध ती बसवायच्या खिळ्याचा ठिपका दिसत असेल तर मला तरी ते खटकतं.

दारं, बॉनेट, डिकी उघडते का यावर बरेच जण अडून बसतात. उघडत असेल तर आत ३९० क्युबिक इंचाचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बघायला मिळतं, आणि एल्डोराडोला तीन कार्ब्युरेटर होते, ते तिथे दाखवलेत का हे बघायला मजा येते. पण दाराच्या फटी रुंद असतील तर एवढ्या लांब सरळ बॉडीची रेषच तुटते. म्हणून माझं मत, एकच घ्यायचं असेल आणि शेप महत्त्वाचा वाटत असेल तर न उघडणारं रेझिनचं (कडक प्लास्टिकसारखं) मॉडेल घ्या, हाताळायला आवडत असेल तर डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं.

जुनं मॉडेल घेत असाल, म्हणजे फ्रँकलिन मिंट, डॅनबरी मिंट या कंपन्यांची १:२४ वाली वगैरे, तर उजेडात तिरकं धरून रंगाखाली बारीक फोड आलेत का बघा. त्याहून वाईट म्हणजे धातूलाच तडे जाणं किंवा बॉडी वाकडी होणं. डायकास्टचा धातू जस्ताचा असतो, त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर तो वर्षानुवर्षं आतून फुगत, तडकत जातो, दमट हवेत जास्तच, आणि यावर इलाज नाही. असं मॉडेल कितीही स्वस्त मिळालं तरी सोडा. आरसे, अँटेना, फिन्सची टोकं पण तपासा, तुटतात ती हीच. मूळ डबा आणि कागदपत्रं असतील तर पुढे विकताना फायदा होतो.

घरी आणल्यावर थेट ऊन नको, रंग आणि पांढऱ्या पट्ट्याचे टायर दोन्ही पिवळे पडतात. धूळ मऊ मेकअप ब्रशने झाडायची, फडक्याने घासायचं नाही, कारण धुळीचे कणच रंगावर ओरखडे पाडतात. क्रोमवर मेटल पॉलिश किंवा स्पिरिट चुकूनही लावू नका, तो प्लास्टिकवरचा एकदम पातळ थर असतो आणि पुसताना निघून येतो, फार तर किंचित ओला कापूस, लगेच कोरडं करून. धरताना नेहमी खालून, चॅसिसला (गाडीच्या तळाला) धरून उचला.

आणि टायर. मऊ टायरमधलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि खालच्या प्लास्टिकच्या स्टँडला चिकटून ते वितळवतं. म्हणून चॅसिसखाली लहान ठोकळे ठेवून चाकं जराशी अधांतरी ठेवा, तेवढं जमत नसेल तर निदान टायरखाली काचेचा तुकडा तरी सरकवा. काचेच्या बंद केसमध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका आणि ती अधूनमधून बदलत जा.