वॉरंटी संपताच फोनने मान टाकली, तर

फोन डेड झाला की आधी बिल शोधलं जातं, आणि त्यावरची तारीख नेमकी तेरा-चौदा महिन्यांपूर्वीची निघते. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच: कंपनीने आत एखादं घड्याळ तर लावून ठेवलं नाही ना? तारीख बघून फोन बंद पाडणारं असं घड्याळ कुठल्या फोनमध्ये सापडल्याचं ऐकिवात नाही. पण संशय अगदीच हवेतला आहे असंही नाही. बॅटरी थकली की आयफोनचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केलं. ग्राहकांना ते आधी सांगितलं नाही म्हणून फ्रान्समध्ये २०२०मध्ये २.५ कोटी युरोंचा दंडही भरला.

बहुतेक वेळा खरी कारणं जास्त साधी असतात. रोज एकदा पूर्ण चार्जिंग धरलं तर वर्षाला साडेतीनशेच्या वर चक्रं होतात, आणि फोनच्या बॅटऱ्या बरीच वर्षं ‘५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता’ या हिशेबाने बनत आल्या. म्हणजे सतत वापरल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी दीड वर्षाच्या आसपास थकणार, हे आधीच ठरलेलं. (युरोपीय संघात २० जून २०२५पासून ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्क्यांची अट आहे.) त्याच सुमारास खिशातलं सूत चार्जिंग पोर्टच्या तळाशी घट्ट बसलेलं असतं, पाणी अडवणारा गोंद सैल पडू लागलेला असतो, आणि केव्हातरी फोन पडला तेव्हा आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या एखाद्या आयसीखाली (चिपखाली) गेलेला केसाएवढा तडा गरम-थंड होत होत वाढत असतो. शिवाय दहाव्या महिन्यात बिघडलेला फोन फुकटात दुरुस्त होतो आणि विसरला जातो. तेराव्या महिन्यातला मात्र जन्मभर लक्षात राहतो.

तेव्हा फोन बंद पडला तर खालच्या क्रमाने जा. आधी ज्याला काहीच खर्च नाही ते.

१. मेलाय कोण, फोन की स्क्रीन?

दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. रिंग वाजली, थरथर जाणवली, तर फोन जिवंत आहे आणि फक्त डिस्प्ले गेला आहे. एलसीडी स्क्रीन असेल तर अंधारात टॉर्च तिरका धरून पाहा: पुसट चित्र दिसलं तर केवळ मागचा प्रकाश गेला आहे. ओलेड स्क्रीनला मागचा प्रकाश नसतोच, तिथे हा उपाय लागू नाही. फोन जिवंत असेल तर डेटाही बहुधा शाबूत आहे. ‘बोर्ड बदलावा लागेल’ असं कोणी म्हटलं तर डिस्प्लेची जोडणी तपासली का, एवढं विचारा. पडल्यावर तिचा कनेक्टर नुसता उचकटलेलाही असतो.

२. अर्धा तास चार्जिंग

पूर्ण उतरलेली बॅटरी लगेच जागी होत नाही. व्होल्टेज फार खाली गेलं की तिच्यातलं संरक्षक सर्किट तिला बंद करतं. मग चार्जर लावल्यावर आधी अगदी थोडा करंट दिला जातो आणि व्होल्टेज सुमारे ३ व्होल्टपर्यंत चढल्यावरच नेहमीचं चार्जिंग सुरू होतं. तोवर स्क्रीन काळीच. पाच मिनिटं वाट पाहून ‘गेला’ म्हणणारे इथेच फसतात. दुसरी केबल, दुसरा ॲडाप्टर, आणि किमान ३० मिनिटं.

यूएसबी मीटर (किती करंट जातोय ते दाखवणारं छोटं यंत्र) मिळाला तर फारच बरं. ॲडाप्टर आणि केबल यांच्यामध्ये तो लावायचा आणि ५ व्होल्टवर आकडा वाचायचा. ०.०० अँपिअर म्हणजे करंट आत जातच नाही: दोष केबल, पोर्ट, चार्जिंगची पट्टी (पोर्टला बोर्डशी जोडणारी) किंवा बॅटरीचा कनेक्टर यांत. ०.०५ ते ०.१ वर रेंगाळत असेल तर बॅटरी खोल उतरली आहे, थांबा. आकडा चढतो, पडतो, पुन्हा चढतो, असं चाललं असेल तर फोन चालू व्हायला बघतोय आणि जमत नाहीये. बॅटरी कमजोर आहे किंवा सॉफ्टवेअर अडकलं आहे. १ अँपिअरच्या आसपास स्थिर असेल तर चार्जिंग ठीक चाललंय, संशय डिस्प्लेवर घ्या. फोन चालू नाही, तरी एकाच जागी चटका बसण्याइतका तापतोय, तर बोर्डवर शॉर्ट (करंट भलत्याच वाटेने जाणं) असू शकतो. केबल लगेच काढा, पुन्हा लावू नका.

३. पोर्ट

‘चार्जिंग आयसी गेली’ असं निदान झालेले कितीतरी फोन नुसत्या साफसफाईने चालू होतात. ओळखायची खूण: केबल पूर्ण आत जात नाही, तिच्या टोकाचा मिलिमीटरभर धातू बाहेर दिसतो, आणि बसताना ‘टक्’ होत नाही. सूत मोकळं असतं तर फुंकरीने निघालं असतं. पण दर वेळी केबल ते आत रेटत राहते आणि तळाशी त्याची नमद्यासारखी वडी तयार होते.

फोन बंद करा, उजेडात पोर्ट वरून पाहा. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून घ्या. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ टोकं असतात; या जिभेला धक्का लावायचा नाही. पोर्टच्या बाहेरच्या भिंतीला लागून टूथपिक तळापर्यंत न्या आणि कचरा वर ओढा, खाली दाबू नका. सुई, टाचणी, सिमकार्डची पिन यातलं काही वापरायचं नाही. तळाला हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर पाणी गेलं आहे. मग टूथपिकचं काम संपलं, फोन उघडूनच साफ करावा लागेल. सिमच्या खाचेत बऱ्याच फोनना एक छोटा पांढरा ठिपका असतो, तो लाल किंवा गुलाबी झाला असेल तर तोही तेच सांगतो. तांदळाच्या डब्यात ठेवून आतला गंज निघत नाही.

४. जबरी रीस्टार्ट

आधी कव्हर काढा. घट्ट कव्हरने पॉवरचं बटण दाबलेलं राहतं आणि फोन सारखा चालू-बंद होतो. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. मग बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र १० ते २० सेकंद, पिक्सेलवर नुसतं पॉवर ३० सेकंद. आयफोन ८ आणि त्यानंतरच्यांवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, आवाज कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. यातून डेटा जात नाही.

५. लोगोवर अडकतोय

इथे घाई महागात पडते. अपडेट अर्धवट राहिलं किंवा स्टोरेज काठोकाठ भरलं तरी फोन लोगोपुढे जात नाही, आणि दोन्हीत डेटा वाचवता येऊ शकतो. बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण धरून रिकव्हरी (दुरुस्तीच्या पर्यायांची यादी) उघडा (काही फोनना त्या वेळी कॉम्प्युटरला केबलने जोडलेलं असावं लागतं). ‘वाइप कॅश पार्टिशन’ हा पर्याय असला तर तो वापरायला हरकत नाही, फोटो-नंबर तसेच राहतात. त्याच यादीतला ‘वाइप डेटा’ सगळं पुसतो, वर नंतर जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. बोट एक ओळ खाली घसरलं की संपलं, म्हणून वाचून दाबा. आयफोन कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरीत नेला की ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात, आधी अपडेटच.

सॉफ्टवेअर टाकूनही लोगो सुटत नसेल तर दोष बोर्डात समजा. २०१५च्या एलजी जी-४चं हेच झालं: सुट्या भागांची आतली जोडणी ढिली, म्हणून फोन पुन्हा पुन्हा चालू-बंद. कंपनीने जानेवारी २०१६मध्ये तो दोष कबूल केला.

६. बॅटरी

चार्जरवर ठीक, काढला की बंद. किंवा ३० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला आणि गप्प. हे थकलेल्या बॅटरीचं लक्षण: आतला रोध वाढलेला असतो, एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हे आणखी वाढतं. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दिसत असेल आणि आकडा ८०च्या खाली असेल तर पुढची चर्चा नको, बॅटरी बदला.

मात्र पाठ टेबलावर डुलत असेल, स्क्रीनची कड उचलली गेली असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, स्क्रीन दाबून बसवणं बंद, टोचणं तर अजिबात नाही.

७. दुरुस्तीला देताना

पहिलंच वाक्य: ‘मला डेटा हवाय’ किंवा ‘डेटा गेला तरी चालेल’. यावर सगळी दुरुस्ती ठरते. आजच्या फोनचा डेटा त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरमधल्या किल्लीने कुलूपबंद असतो, त्यामुळे मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावून काही वाचता येत नाही. बोर्ड बदलला की फोन मिळतो, आतलं सगळं जातं. डेटा हवा असेल तर तोच बोर्ड निदान तासभर तरी जिवंत करावा लागतो, आणि हे काम सगळ्यांना येत नाही. शॉर्ट बोर्डवरच्या कोणत्या लाईनवर (वीजवाटेवर) आहे, आयसी बदलणार की नुसती गरम हवा मारणार, हे विचारा. गरम हवेने सैल जोड तात्पुरता धरतो आणि काही दिवसांनी सुटतो. तेवढ्या काळात बॅकअप घेता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

८. वॉरंटी खरंच संपली का?

*#०६# डायल केल्यावर आयएमईआय नंबर येतो (बंद फोनचा डब्यावर असतो). कंपनीच्या साइटवर तो टाकून तारीख पाहा. तिथली आणि बिलावरची तारीख कधीकधी वेगळी असते आणि बिलाने ती दुरुस्त करून घेता येते. वॉरंटीत असताना याच तक्रारीसाठी फोन एकदा सेंटरला गेला होता का? त्या जॉबशीटची (फोन घेताना सेंटरने तक्रार लिहून दिलेल्या कागदाची) प्रत शोधा, वादात तिच्याइतका जोर कशालाच नसतो. बदललेल्या भागाला स्वतःची वेगळी वॉरंटी असते, तीही पाहा. ठरावीक मॉडेलमध्ये सर्रास येणाऱ्या दोषासाठी कंपन्या मुदतीनंतरही मोफत दुरुस्ती जाहीर करतात, पण फोन करून कोणी कळवत नाही. सपोर्टच्या पानावर मॉडेलचं नाव टाकून स्वतः शोधावं लागतं.

अजून मुदत असेल तर

शेवटची तारीख यायच्या महिनाभर आधी अर्धा तास काढा. एक आयकॉन बोटाने धरून सगळ्या स्क्रीनवर आडवा-उभा फिरवा. वाटेत सुटला तर तेवढ्या पट्टीत टच नाही. पूर्ण पांढरी आणि पूर्ण करडी चित्रं उघडून रेघा, डाग शोधा. केबल लावून किंचित हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. कानाचा स्पीकर, खालचा स्पीकर, दोन्ही कॅमेरे, व्हिडिओतला आवाज. काही खटकलं तर सेंटरमध्ये तोंडी सांगून परत येऊ नका, तक्रार जॉबशीटवर लिहून घ्या. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारला तरी तो कागद फेकू नका. त्यावर वॉरंटीतली तारीख आहे.