आदू म्हणजे पैसा नव्हे: जुन्या चिनी ग्रंथांतल्या बोलीशब्दाचा माग कसा काढायचा

वांग यान (इ.स. २५६–३११) या चिनी अमीराच्या तोंडून म्हणे ‘पैसा’ हा शब्द कधी निघत नसे. बायकोने परीक्षा पाहायची म्हणून रात्रीतून त्याच्या पलंगाभोवती नाणी रचून ठेवायला लावली. सकाळी उठून पाहतो तर पाय टाकायला जागा नाही. त्याने दासीला हाक मारली आणि म्हणाला, “ही आदू वस्तू उचल.” हा प्रसंग ल्यू यीचिंगच्या देखरेखीखाली सुमारे ४३० साली जमवलेल्या ‘शिश्वो शिनयू’ या किस्सेसंग्रहात आहे. नंतरच्या वाचकांनी ‘आदू’ म्हणजे पैसा असं धरलं, आणि ग्रांथिक चिनीत ‘आदू वस्तू’ हा पैशाला प्रतिशब्द होऊन बसला.

बोलीशब्दांच्या अभ्यासात हीच चूक सगळ्यात जास्त होते: एकाच वाक्यावरून अर्थ ठरवायचा. जुनं चिनी लेखन बहुतेक ‘वेनयान’मध्ये, म्हणजे ग्रांथिक भाषेत आहे, बोलीला धरून लिहिलेलं ते ‘बाइहुआ’. पण बोलीशब्द फक्त बाइहुआ कादंबऱ्यांत असतात असं नाही. ग्रांथिक मजकुरातही कुणी रागावून, चिडवत किंवा घाईत बोललं की ते डोकावतात. शोधाला सुरुवात तिथूनच करावी.

शब्द सापडला की कोश लगेच उघडू नका. आधी त्याच ग्रंथातली त्या शब्दाची सगळी वाक्यं काढा. ‘आदू’ याच संग्रहात आणखीही येतो. चित्रकार कू काइची माणसाचं चित्र काढून कित्येक वर्षं त्याच्या डोळ्यांत बुबुळाचा ठिपका देत नसे. कारण विचारल्यावर सांगतो की चित्रात जीव येतो तो ‘आदूमध्येच’. तिसऱ्या ठिकाणी एक सरदार बौद्ध सूत्र पाहून म्हणतो, तत्त्व ‘आदूवरही’ असायला हवं. आता तिन्ही वाक्यांत ‘पैसा’ घालून बघा. डोळ्यांच्या वाक्यात ते हास्यास्पद होतं, सूत्राच्या वाक्यात निरर्थक. ‘हे’ घाला, तिन्ही सरळ बसतात: हे उचल, जीव यातच आहे, तत्त्व यावरही असेल. आदू हे त्या काळच्या बोलण्यातलं साधं दर्शक सर्वनाम. नाणी, डोळे, पोथी या समोरच्या वस्तू. शब्दाचा अर्थ नव्हे.

अशी अदलाबदल करताना एकही वाक्य अडलं तर अर्थ बदला, वाक्य वाकवू नका.

याचंच जुळं भावंड ‘निंगशिन’. लहानग्या वांग यानला पाहून एक ज्येष्ठ म्हणतो, कोणत्या म्हातारीने असलं ‘निंगशिन’ पोर जन्माला घातलं! अक्षरशः वाचलं तर ‘निंग’ म्हणजे शांत, ‘शिन’ म्हणजे सुगंध. मग शांत-सुगंधी बाळ, म्हणजे गोड गुणी मुलगा, असा अर्थ निघतो आणि पुढे तो रूढही झाला. खरं तर ‘शिन’ इथे नुसत्या आवाजापुरता वापरलाय. त्याच काळच्या मजकुरात ‘रूशिन’, ‘अर्शिन’ असे जोड येतात, त्यांचा अर्थ ‘असं, अशा तऱ्हेचं’. बोलीशब्द लिहिताना लेखकाकडे ठरलेलं अक्षर नसायचं, म्हणून तो उच्चाराने जवळचं अक्षर उचलायचा. तेव्हा अक्षराचा अर्थ फार सुंदर आणि वाक्यात अवघडलेला दिसला, तर तिथे अक्षर फक्त उच्चारासाठी आहे असं समजून पुढे चला. होंग माइ (११२३–१२०२) या चिनी विद्वानाने आपल्या टिपणांत ही दोन्ही गैरसमजुतीची उदाहरणं शेजारी ठेवून दाखवली होती, म्हणजे चूक तेव्हाच रुळलेली होती.

आता काळ. प्रत्येक वाक्यापुढे तीन तारखा लिहायच्या: प्रसंगाची, ग्रंथ तयार झाल्याची, आणि हाती असलेल्या सर्वांत जुन्या प्रतीची. पुरावा म्हणून दुसरी आणि तिसरीच धरायची. निंगशिनचा प्रसंग तिसऱ्या शतकातला. पण तो येतो ६४८ साली पुऱ्या झालेल्या जिन घराण्याच्या इतिहासात. जपानी अभ्यासक ओता तात्सुओ यांनी समकालीन साधन आणि उत्तरकालीन साधन असा भेद केला, तो इथे फार उपयोगी पडतो.

फसवी साधनं आधी ओळखून ठेवा. झेन गुरू लिनजी वारला ८६६ मध्ये, त्याच्या बोलण्याची प्रचलित संहिता ११२० ची. तिच्यातला शब्द नवव्या शतकातला म्हणून खपवता येत नाही. युआन काळच्या (तेरावं-चौदावं शतक) नाटकांचंही तसंच. त्या काळात छापलेली तीस नाटकं शिल्लक आहेत, त्यांत गाणी पूर्ण आणि संवाद तुटपुंजे. आपण वाचतो ते खुसखुशीत संवाद बहुतेक मिंग काळच्या (१३६८–१६४४) प्रतींतले, त्यातही १६१५–१६ च्या प्रसिद्ध संकलनात संपादकाचा हात सढळ चाललेला. अशा संवादातला शब्द मिंगच्या खात्यात मांडा.

भरवशाची साधनं कमी आहेत, पण आहेत. वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या सतरा क्रमांकाच्या गुहेतल्या पोथ्या १९०० मध्ये उजेडात आल्या. ती खोली अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास बंद झाली, त्यामुळे आतलं सगळं त्याआधीचं आणि नंतरच्या संपादकांच्या हातांपासून सुटलेलं. ९५२ चा ‘झूतांग जी’ हा झेन संग्रह कोरियात टिकला. जू शी (११३०–१२००) या तत्त्वज्ञाच्या संवादांत तर प्रत्येक नोंदीखाली टिपणाऱ्या शिष्याचं नाव असतं आणि सुरुवातीच्या यादीत कुणी कोणत्या वर्षापासून ऐकलं ते दिलेलं असतं. नोंदीचं वर्ष असं जवळपास हातात मिळणं दुर्मीळच.

यानंतरचं काम कंटाळवाणं, पण टाळलं की सगळं वाया: अक्षरभेद. संगणकावर शोध उच्चाराने नाही, अक्षराने होतो. आजच्या चिनीतला ‘झऽ’, म्हणजे ‘हा’, घ्या. तांग आणि सोंग काळात (सातवं ते तेरावं शतक) तो किमान तीन अक्षरांनी लिहिलेला सापडतो: एक ‘करणारा’ या अर्थाच्या प्रत्ययाचं, एक ‘झाकणे’चं, आणि एक मुळात ‘यान’ असा उच्चार नि ‘सामोरं जाणे’ असा अर्थ असलेलं. आज रूढ झालं ते हे तिसरं. प्रत्ययाचं अक्षर एकटं शोधलं तर हजारो निकाल येतील, कारण ग्रांथिक चिनीत ते जागोजागी आहे. म्हणून जोडीने शोधा: ‘झऽ’ अधिक गणनावाचक ‘ग’, म्हणजे वस्तू मोजताना किंवा दाखवताना नामाआधी येणारा शब्द. पण ‘ग’चीही तीन रूपं आहेत. तीन गुणिले तीन, नऊ शोध. हे पारंपरिक लिपीतल्या संहितेवरच करा. सरलीकृत संहितेत ‘ग’ची तिन्ही रूपं एक होतात आणि हवा असलेला पुरावाच पुसला जातो. जाता जाता, ‘आदू’मधल्या ‘दू’ अक्षराचा ध्वनिदर्शक भाग तोच प्रत्ययाचा ‘झऽ’ आहे. दोन्ही शब्दांचं नातं काही अभ्यासक जोडतात ते यामुळे.

बौद्ध अनुवादांत मराठी वाचकाला थोडी आघाडी मिळते. कुमारजीवाने ४०६ मध्ये केलेलं सद्धर्मपुंडरीक घ्या. शेजारी संस्कृत पाठ ठेवला की अनोळखी चिनी शब्दाचा अर्थ पडताळता येतो. पुण्यात ही परंपराही आहे: समन्तपासादिका या विनयपिटकावरच्या पाली टीकेच्या पाचव्या शतकातल्या चिनी रूपाचा पु. वि. बापट यांनी जपानी अभ्यासक हिराकावांसह केलेला अनुवाद भांडारकर संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. दोन खड्डे मात्र आहेत. बरेच अनुवाद चार-चार अक्षरांच्या लयीत बसवलेले असतात. लय भरायला एकाक्षरी शब्द दुहेरी केला जातो, आणि तो दुहेरी शब्द कुणी बोलत होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही. दुसरं, अनुवादकाचं नाव. ते पहिल्यांदा ५९७ च्या फेई चांगफांगच्या सूचीत आलं असेल तर त्यावर तारीख टांगू नका. त्या सूचीने पुष्कळ बेनावी ग्रंथांना नावं चिकटवली आहेत. आधीची, सहाव्या शतकाच्या सुरुवातीची सेंगयौची सूची बघा. चिनी त्रिपिटकाची सीबीईटीए ही संगणकीय संहिता मोफत आहे. तिच्यातल्या पाठभेदांच्या तळटीपा वाचल्याशिवाय अवतरण उचलू नये.

कोशाची पाळी आता. ‘हान्यू दा त्सीद्यान’ (बारा खंड, १९८६–९४) पहिलं अवतरण शक्यतो जुनं देतो, पण ते सर्वांत जुनं असतंच असं नाही. संगणकीय शोधाने ते मागे सरकल्याची उदाहरणं भरपूर आहेत. कवितेतल्या बोलीशब्दांसाठी झांग श्यांग यांचा १९५३ चा कोश अजून बाजूला ठेवता येत नाही. त्यांच्या कसोट्या पाच: उच्चार, अक्षराचं रूप, रचनेचा ओघ, प्रसंग आणि अर्थांची तुलना. तांग कवितेच्या जोडओळींत यातली शेवटची फार काम करते, कारण वरच्या ओळीतल्या क्रियाविशेषणासमोर खालच्या ओळीत सहसा क्रियाविशेषणच येतं.

व्युत्पत्तीच्या गोष्टी सांगणाऱ्यांपासून सावध. ‘दोंगशी’ म्हणजे वस्तू, अक्षरशः पूर्व-पश्चिम. तांग राजधानी चांगआनमध्ये पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन बाजार होते म्हणून हा शब्द आला, असं सर्रास सांगतात. बाजार खरेच होते. पण बाजार ते वस्तू हा प्रवास दाखवणारं त्या काळचं वाक्य पुढे ठेवा म्हणावं.

शेवटी एका शब्दाचं कार्ड असं दिसावं: आदू. अर्थ ‘हे, हा’. वाक्यं तीन (नाणी, डोळे, सूत्र), तिन्ही संवादातली. ग्रंथ सु. ४३०, जुनी छापील आवृत्ती ११३८. अदलाबदल: ‘पैसा’ दोन ठिकाणी अडतो, ‘हे’ कुठेच नाही. चुकीचा अर्थ बाराव्या शतकात रूढ, साक्ष होंग माइ.