काठ ढासळण्याआधी नदीची चाल कशी ओळखावी

कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीचा संगम झाला की पंचगंगा सपाटीला लागते आणि वळणं घेत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. या वळणांवर माझ्यासारखी ज्यांची रानं आहेत, त्यांना काठ तुटणं नवीन नाही. पण दरडीवर डबर ओतायला ट्रॅक्टर लावण्याआधी नदी तिथं नेमकं काय करतेय, ते बघून घ्या.

उन्हाळाभर बंधाऱ्यांमुळं पाणी तुंबलेलं असतं, तळ दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की पाणी उतरतं आणि मोठा पाऊस लागेपर्यंत पात्र उघडं पडतं. तेवढ्यात काठानं चालून या.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला दरड उभी, कापल्यासारखी, आणि खाली डोह. आतल्या अंगाला उतरती मळी, म्हणजे गाळ-वाळू साचून झालेली जमीन. पाणी वळणावर बाहेरच्या काठाकडं रेटलं जातं, तिथं तळाला बुडी मारतं आणि तळातून आतल्या काठाकडं येतं; म्हणजे ते पीळ घालतच पुढं जातं. जोराची धार दरडीचा पाया खाते, मंद धार वाळू आत नेऊन टाकते. समोरच्याच्या मळीतली वाळू बहुतेक वरच्या वळणांवरून आलेली असते. तुमची माती त्यानं पळवली म्हणून भांडायला जाऊ नका; तुमची माती तुमच्याच बाजूच्या खालच्या मळीत शोधा.

दरडीच्या कडेपासून दहा-बारा फूट आत लोखंडी गज ठोकून ठेवा. पुराआधी गजापासून कडेपर्यंत टेप लावा, पूर गेल्यावर पुन्हा लावा, दोन्ही आकडे वहीत लिहा. पुराचं पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवा. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती मात्र दिवस दिवस तरंगते. बरणीत खरखरीत वाळू आली, तर तळही हलतोय.

अमेरिकन अभियंते लेन यांनी १९५५ साली नदीचा हा तोल तराजूसारखा मांडला: एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळ आणि त्याच्या कणांचा आकार. धरणात जाड गाळ मागं अडला की खाली सुटलेल्या पाण्यावर गाळाचं ओझं नसतं, त्याची उरलेली ताकद तळ आणि काठ खरवडण्यात जाते. वाळूउपशाचंही तेच. खड्ड्याच्या तोंडाशी उतार एकदम वाढतो आणि खोदाई प्रवाहाच्या उलट, वरच्या रानांकडं सरकत जाते. खाली कुठं उपसा चालू असेल, तर वरच्यांनीही बोललंच पाहिजे.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. पाणी त्याखाली आलं की गाव सुटकेचा श्वास टाकतं, पण काठाचं खरं संकट तेव्हाच सुरू होतं. पूर असताना नदीचं पाणीच दरडीला दाबून धरतं. ते झपाट्यानं उतरलं की आधार जातो, आणि मातीत मुरलेलं पाणी मात्र तेवढ्या लवकर निथळत नाही. पायाखालची माती आधीच धुतलेली असते. मग कडेला समांतर, बोट जाईल एवढी भेग पडते आणि पुढचा सगळा पट्टा उसासकट खाली बसतो. भेग दिसली की तिथून पाण्याची मोटार हलवा, जनावरं बांधू नका, लेकरांना तिकडं फिरकू देऊ नका.

आता उपाय. वरून डबर टाकलं की दरडीवर वजन वाढतं आणि पाया उघडाच राहतो. त्यापेक्षा उभी दरड तासून उतरती करा, पायथ्याला वाळुंज आणि शेरणी ही नदीकाठची झाडं लावा, उतारावर वाळा, माथ्यावर करंज नाहीतर बांबू. उसाची शेवटची सरी कडेपासून मागं घ्या. रानातलं जादा पाणी दरडीवरून सोडू नका, पाइपनं खाली न्या. ही सगळी लावण पूर ओसरल्यावर, ओल असताना उरका. बरगे घातले की पाणी चढतं आणि पायथा हाताला लागत नाही.