पहिल्या लेव्हलचे स्पेल निवडताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या डाइसवर चालणाऱ्या रोलप्लेइंग खेळात नवा खेळाडू विझार्ड (जादूगार) बनवायला बसला की स्पेलची (मंत्रांची) यादी वरपासून खालपर्यंत वाचतो आणि ज्यांची वर्णनं भारी वाटतात ते उचलतो. सहा स्पेल झाले, कॅरेक्टर तयार. मग पहिल्याच लढाईत दुसऱ्या राउंडला दोन्ही स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) संपतात आणि पुढे आपली पाळी आली की तो नुसता शीट चाळत बसतो. घेतलेला प्रत्येक स्पेल सुटा पाहिला तर चांगलाच असतो, पण सगळे एकमेकांच्या वाटेत येतात. म्हणून निवडताना प्रत्येक स्पेलला विचारायचं: हा मी कुठल्या टर्नला टाकणार, आणि हा टाकला तर दुसरं काय हातचं जाणार?

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकामुळे मोठा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

स्पेल मोजले, स्लॉट मोजलेच नाहीत

विझार्डच्या पुस्तकात सुरुवातीला ६ स्पेल असतात. त्यांतले रोज तयार ठेवता येतात इंटेलिजन्स मॉडिफायर (अ‍ॅबिलिटीच्या आकड्यावरून ठरणारी भर, जशी १६ ला +३) अधिक १ इतकेच. आणि स्लॉट? फक्त २. सॉर्सररला २ स्पेल आणि २ स्लॉट, बार्डला ४ स्पेल आणि २ स्लॉट. वॉरलॉकला २ स्पेल आणि एकच स्लॉट, पण तो शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत मिळतो. क्लेरिक आणि ड्रुइड यांना आपल्या क्लासच्या अख्ख्या यादीतून रोज नव्याने निवडता येतं, त्यामुळे या लेखाची धास्ती त्यांनी कमी घ्यावी.

म्हणजे दिवसभरात खरे स्पेल मोजक्याच वेळा टाकायचे, बाकी सगळ्या टर्न कँट्रिपवर (स्लॉट न लागणाऱ्या छोट्या स्पेलवर) काढायच्या. तरीही लोक कँट्रिप शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात. हल्ल्याचा निदान एक कँट्रिप लांबून चालणारा हवाच. फायर बोल्टचा पल्ला १२० फूट. पॉइझन स्प्रेचे १ डी१२ (बारा बाजूंच्या एका डाइसचं डॅमेज) पाहून जीभ चाळवते, पण त्याचा पल्ला अवघा १० फूट, म्हणजे ७-८ हिट पॉइंटचा (एवढा मार सोसणारा) विझार्ड थेट शत्रूच्या अंगावर. शिवाय सांगाडे आणि झोंबी यांना विषाचं काहीच होत नाही. ट्रू स्ट्राइक २०१४ च्या नियमांत घेऊच नका. एक अख्खी अ‍ॅक्शन घालवून पुढच्या टर्नच्या एका हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज (वीस बाजूंचा डाइस, म्हणजे डी२०, दोनदा टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो, त्यापेक्षा दोन्ही टर्नला सरळ हल्ला केलेला परवडतो. (२०२४ मध्ये हा कँट्रिप पार बदललाय, तिथे तो चांगला आहे.)

आकडे वाटताना सगळ्यांना थोडं थोडं

अ‍ॅबिलिटींचे आकडे २७ पॉइंट खर्चून घेण्याच्या पद्धतीत मुख्य अ‍ॅबिलिटीला १४ देऊन थांबणारे बरेच असतात, कारण १५ ला ९ पॉइंट लागतात आणि १४ ला ७. कॅरेक्टरच्या वंशाचा बोनस धरून इंटेलिजन्स १६ झाला तर मॉडिफायर +३, हल्ला +५, सेव्हचा आकडा (तुमच्या स्पेलपासून वाचायला शत्रूला डाइसवर गाठावा लागणारा) १३. तोच १४ वर राहिला तर हल्ला +४ आणि आकडा १२, शिवाय तयार स्पेल एकाने कमी.

पण उलटी चूकही तितकीच होते. बोनस इंटेलिजन्सला मिळणारच नसेल तर १५ आणि १४ दोन्हींचा मॉडिफायर +२ च, मग जास्तीचे २ पॉइंट निदान चौथ्या लेव्हलपर्यंत वाया. विझार्डसाठी मला आवडणारी वाटणी अशी: इंटेलिजन्स १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विस्डम १२, बाकी दोन ८. नेमके २७ होतात. कॉन्स्टिट्यूशन कापून करिश्मा वाढवायचा मोह आवरा, का ते पुढे येतंच आहे.

आणि समजा तुमच्या कॅरेक्टरची मुख्य अ‍ॅबिलिटी कमीच पडली, डाइसने दगा दिला, तरी खेळ संपत नाही. मॅजिक मिसाइल कधी चुकत नाही. शील्ड आर्मर क्लासमध्ये (तुम्हाला हल्ला लागायला शत्रूने गाठायच्या आकड्यात) ५ वाढवतो, मेज आर्मरने आर्मर क्लास १३ अधिक डेक्स्टेरिटी मॉडिफायर होतो. यातल्या कशालाच तुमचा इंटेलिजन्स विचारला जात नाही. क्लेरिकचा ब्लेससुद्धा तसाच. अशा कॅरेक्टरसाठी सेव्ह मागणारे स्पेल टाळून हेच घ्यावेत.

कॉन्सन्ट्रेशनचे स्पेल एकावर एक

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कारण ती कॅरेक्टर शीटवर दिसत नाही, टेबलावर बसल्यावरच दिसते.

ड्रुइडचं उदाहरण घ्या. नवा खेळाडू एन्टँगल, फेअरी फायर आणि फॉग क्लाउड तयार करतो. वाचायला तिन्ही उत्तम. पहिल्या टर्नला एन्टँगल टाकून त्याने शत्रू वेलींत अडकवले. दुसऱ्या टर्नला वाटलं, आता फेअरी फायर टाकावा, म्हणजे सोबत्यांना अ‍ॅडव्हांटेज. टाकला की एन्टँगल तिथल्या तिथे संपला आणि शत्रू मोकळे. तिन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येतं. दोन स्लॉट गेले आणि पदरात एकाच स्पेलचा परिणाम. यातला एकच ठेवून सोबत हीलिंग वर्ड, थंडरवेव्ह, गुडबेरी घेतले असते तर दुसरा स्लॉट पहिल्याला धक्का न लावता वापरता आला असता.

क्लेरिकला हाच फटका ब्लेस, बेन आणि शील्ड ऑफ फेथ यांच्यात बसतो. वॉरलॉकला हेक्स आणि विच बोल्टमध्ये, त्याच्याकडे तर पहिल्या लेव्हलला दोनच स्पेल! डिटेक्ट मॅजिकलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं हे तर कित्येकांच्या गावीही नसतं.

त्यात मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करावा लागतो. आकडा १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेला विझार्ड डी२० वर ८ किंवा जास्त आलं तरच तग धरतो, म्हणजे साधारण तीनदा मार बसला की एकदा स्पेल सुटणार. सॉर्सररला या सेव्हची प्रोफिशियन्सी (तयारीची +२ भर) असल्यामुळे त्याला ६ पुरतात. करिश्मासाठी कॉन्स्टिट्यूशन कापू नका म्हटलं ते यासाठी.

माझा सोपा हिशेब: पहिल्या लेव्हलला लढाईसाठी कॉन्सन्ट्रेशनचा एकच स्पेल. फार तर दोन, आणि तेही अगदी वेगळ्या प्रसंगांसाठी.

फक्त डॅमेज, आणि तोही एकाच वाटेने

बर्निंग हँड्सचे ३ डी६ आकर्षक आहेत, वाईटही नाहीत. पण गॉब्लिनची डेक्स्टेरिटी +२, म्हणजे १३ च्या आकड्यापुढे तो निम्म्या वेळा वाचतो आणि निम्माच मार खातो. तुमचे सगळेच स्पेल डेक्स्टेरिटीचा सेव्ह मागणारे असले तर चपळ शत्रूसमोर हात टेकायची पाळी येते. हल्ल्याचा रोल, सेव्ह आणि कशाचीच गरज नसलेला, असे तिन्ही प्रकार थोडे थोडे असू द्या.

२०१४ चा स्लीप पहिल्या लेव्हलला डॅमेजच्या स्पेलपेक्षा वरचढ ठरतो. ५ डी८ ची सरासरी २२.५, ७ हिट पॉइंटचे तीन गॉब्लिन २१ मध्ये आडवे, सेव्हबिव्ह काही नाही. फक्त तो सगळ्यात कमी हिट पॉइंट असलेल्यापासून सुरुवात करतो आणि आपले-परके बघत नाही. जखमी फायटर त्या २० फुटांच्या वर्तुळात उभा असेल तर आधी तोच घोरणार. एल्फ आणि अनडेड यांच्यावर याचा परिणाम होत नाही. पुढे शत्रूंचे हिट पॉइंट वाढले की हा स्पेल निकामी होतो, म्हणून विझार्डने बिनधास्त घ्यावा, मोजकेच स्पेल मिळणाऱ्या सॉर्सररने घेतला तर दोन-तीन लेव्हलनंतर बदलायचं मनात ठेवूनच. २०२४ मध्ये त्याला विस्डमचा सेव्ह आणि कॉन्सन्ट्रेशन दोन्ही लागतात, तिथे हा सल्ला विसरा.

रिच्युअल आणि किंमत लिहिलेलं सामान

विझार्डला पुस्तकातला रिच्युअल स्पेल तयार न ठेवता, स्लॉट न खर्चता टाकता येतो. फक्त १० मिनिटं जास्त लागतात. तेव्हा सहापैकी दोन तरी रिच्युअल असावेत. फाइंड फॅमिलिअर तर नक्कीच: घुबड टेहळणी करतं, लढाईत हेल्प करून सोबत्याला अ‍ॅडव्हांटेजही देतं. पण त्याला दर वेळी १० सोन्याच्या नाण्यांचं साहित्य जाळावं लागतं. क्रोमॅटिक ऑर्बला ५० नाण्यांचा हिरा हवा, आयडेंटिफायला १०० नाण्यांचा मोती. हे दोन्ही खर्ची पडत नाहीत, पण जवळ असावे लागतात. किंमत लिहिलेल्या सामानाची जागा फोकस (जादूची काठी वगैरे) घेऊ शकत नाही, आणि सुरुवातीच्या पैशात मोती सहसा बसत नाही. स्पेल घ्यायच्या आधी ही ओळ वाचायची सवय लावा.

चुकलंच असेल तर

पहिल्या एक-दोन सेशननंतर डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सरळ विचारा. नवख्या खेळाडूला एखादा स्पेल बदलून द्यायला फारसं कुणी नाही म्हणत नाही. नियमाप्रमाणेच जायचं असेल तर क्लेरिक आणि ड्रुइड लाँग रेस्टनंतर (रात्रीच्या मोठ्या विश्रांतीनंतर) आख्खी यादी बदलू शकतात. सॉर्सरर, बार्ड आणि वॉरलॉक यांना लेव्हल वाढताना एक स्पेल बदलता येतो. कँट्रिप मात्र २०१४ च्या मूळ नियमांत कायमचे. २०२४ मध्ये विझार्डला लाँग रेस्टनंतर एक कँट्रिप बदलता येतो.

विझार्ड पुस्तकातला स्पेल खोडत नाही, भर घालतो: दर लेव्हलला दोन फुकट, शिवाय दुसऱ्याच्या पुस्तकात सापडलेला पहिल्या लेव्हलचा स्पेल २ तास आणि ५० नाणी खर्चून उतरवता येतो. स्क्रोलवरून उतरवायचा असेल तर अर्कानाचा (जादूच्या ज्ञानाचा) चेक लागतो, पहिल्या लेव्हलच्या स्पेलला ११ चा. चेक फसला तरी स्क्रोल नष्टच होतो, त्यामुळे कॅरेक्टर बनवताना अर्कानाची प्रोफिशियन्सी आठवणीने घ्या.