‘लाइट-पाणी भाड्यातच’ : या चुका टाळा

पुण्यात वन बीएचके बघायला गेलात की एखादा एजंट हमखास सांगतो, "लाइट-पाणी सगळं भाड्यातच." आपण खूश होतो, आणि भांडण एप्रिलमध्ये सुरू होतं. ‘सगळं’ म्हणजे किती, हे कुणी विचारलेलंच नसतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रुपयांतली मर्यादा मान्य करणं. "दीड हजारापर्यंत बिल आमचं" असं घरमालक म्हणाले, तर तीच मर्यादा युनिटमध्ये मागा. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्प्याटप्प्याने चढतो, वर इंधन समायोजन आकारही (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बिलात लागणारी रक्कम) बदलतो. वापर तेवढाच राहिला तरी बिल फुगतं आणि फरक तुमच्या माथी येतो. आधी हिशोब करा: २००० वॉटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे एक युनिट, फ्रिजचं साधारण एक, ७५ वॉटचे दोन पंखे दहा तास म्हणजे दीड. दिवे आणि वॉशिंग मशीन धरून महिन्याला सव्वाशेच्या आसपास. दीड टनाचा एसी रात्री सहा तास लावलात, तर आणखी दीडशे-दोनशे. ‘१०० युनिट फ्री’ म्हणजे कुटुंबासाठी नुसतं आमिष!

चावी घेण्याआधी घरातला मेन स्विच बंद करून खाली मीटरकडे जा. लाल दिवा तरीही लुकलुकत असेल, तर जिन्याचा दिवा, पंप किंवा शेजारची खोली याच मीटरवर आहे. वायरमन बोलावून ती लाइन वेगळी करून घ्या. मगच डिपॉझिट द्या. मुख्य मीटरवरून तुमच्यासाठी वेगळा सब-मीटर लावलेला असेल तर घरमालकांच्या मनाचा दर चालू देऊ नका: एकूण बिल भागिले एकूण युनिट, गुणिले तुमचे युनिट.

करारात सगळी रक्कम एकत्र लिहू नका. २५,००० ऐवजी ‘भाडे २२,००० आणि वीज-पाणी ३,०००’ असं लिहा; नाहीतर वार्षिक वाढ विजेवरही लागते. पाण्यात टँकर धरलाय का, हेही लिहून घ्या. वाघोलीसारख्या भागात उन्हाळ्यात सोसायटी टँकरची वर्गणी वेगळी मागू शकते. पाइप गॅस आणि इंटरनेट बहुतेकदा यात नसतंच.

तोंडी कबुलीवर तर अजिबात विसंबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

बिल घरमालकांच्या नावावर असतं. भाडं वेळेवर घेऊन त्यांनी बिलच भरलं नाही, तर वीज तोडण्याआधीची १५ दिवसांची नोटीस त्यांच्याच मोबाइलवर जाऊ शकते. तुम्हाला कळतं ते लाइनमन दारात आल्यावर. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक मागून घ्या आणि दर महिन्याला महावितरणच्या ॲपवर थकबाकी बघा. राहायला येताना आणि सोडताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून घरमालकांना व्हॉट्सॲपवर टाका.