ट्रॉम्बोन विकायचाय? आधी स्लाइड बघा
मी पंचवटीतला, बँडवाला. एफ-व्हॉल्व्ह (अंगठ्याने दाबून सूर खाली नेणारी झडप) बसवून घेतलेला माझा जुना ट्रॉम्बोन विकला, त्यातून शिकलो ते सांगतो. जाणकार आधी स्लाइडच, म्हणजे सूर बदलायला पुढे-मागे सरकवायची नळीच बघतो. आतल्या नळ्या धुऊन-पुसून स्लाइडचं क्रीम लावा, वर पाण्याचा फवारा मारा. वाद्य उभं धरून बाहेरची स्लाइड सोडली की सरसर खाली यायला हवी. खाली हात धरा, माझी फरशीवर आदळली होती! पोचा लपवू नका. व्हॉल्व्हचा, बेलवर (वाद्याच्या रुंद तोंडावर) कोरून घेतलेल्या आपल्या नावाचा खर्च वसूल होत नाही, झालंच तर नावामुळे भाव पडतो. काढलेले मूळ भाग सोबत द्या. तुळशीच्या लग्नाआधी विका, लग्नसराईची खरेदी तेव्हाच होते. अदलाबदल करताना समोरच्याचं वाद्य स्लाइडच्या सातही पोझिशनवर (सुरांच्या जागांवर) वाजवून बघा.